वजनकाट्याला न दिसणारी चरबी



ज्यांच्या स्मरणार्थ आज आपण जमलो आहोत, त्यांनी आयुष्यभर आरोग्यशिक्षणाचं काम केलं. माणसाच्या हाती औषधाच्या आधी माहिती पडली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. तो आग्रह मनात ठेवूनच मी आजचा विषय निवडला. आपल्यापैकी ज्यांनी कधी आरोग्य तपासणी करून घेतली असेल, त्यांच्या अहवालाच्या पहिल्याच पानावर एक आकडा छापलेला असतो. बीएमआय, म्हणजे बॉडी मास इंडेक्स. विमा कंपनी तो विचारते, व्यायामशाळेत नाव घालताना तो काढतात, आणि त्याच्यापुढे ‘नॉर्मल’ लिहिलेलं दिसलं की आपण निर्धास्त होऊन कागद घडी करून ठेवतो. या आकड्यावर किती विसंबावं, हा आजचा प्रश्न आहे.

माझं उत्तर सुरुवातीलाच सांगतो. गाव, जिल्हा, देश यांची प्रकृती पाहायला बीएमआय उत्तम आहे. उपासमार आणि कुपोषण ओळखायला तो फार मोलाचा आहे. पण एका माणसाच्या तब्येतीचा निकाल त्याच्यावरून देता येत नाही. आणि आपल्या भारतीय शरीराच्या बाबतीत ‘नॉर्मल’ बीएमआयचा दिलासा पुष्कळदा फसवा असतो. तो अनेकांना मधुमेहाच्या दारापर्यंत बेसावध नेऊन सोडतो.

आधी हिशेब पाहू. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ६० किलो असेल, तर बीएमआय येतो २२. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत १८.५ च्या खाली कमी वजन, १८.५ ते २५ सर्वसामान्य, २५ ते ३० अतिरिक्त वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा. काटा आणि उंचीची पट्टी एवढ्यावर भागतं. रक्त काढावं लागत नाही, यंत्र लागत नाही, तज्ज्ञही लागत नाही.

हे सूत्र कोणा डॉक्टरानं रुग्णांसाठी काढलेलं नाही. अडॉल्फ केटले हे बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. ताऱ्यांच्या निरीक्षणांना लावायची सरासरीची पद्धत माणसांना लावली तर समाजाचे नियम हाती येतील का, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. १८३५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ‘सरासरी माणसा’ची कल्पना मांडली. मोठ्या माणसांचं वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं, हे त्यांना मापांवरून दिसलं होतं. ती मापं युरोपातल्या माणसांची होती. लठ्ठपणा आणि आजार यांचा विचार त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हता.

पुढे विसाव्या शतकात अमेरिकेतल्या आयुर्विमा कंपन्यांना आपल्या ग्राहकांपैकी कोण लवकर दगावतं हे जाणून घ्यायचं होतं. त्यांनी उंचीनुसार ‘आदर्श वजना’ची कोष्टकं केली आणि ती डॉक्टरांच्या टेबलावर जाऊन बसली. या कोष्टकांना पर्याय म्हणून अँसेल कीज या शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १९७२ मध्ये पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांची मापं तपासली आणि केटलेंच्या जुन्या सूत्राला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. वजन-उंचीच्या इतर सूत्रांच्या तुलनेत हे बरं आहे, पण पूर्ण समाधानकारक नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. बायकांची मापं त्या अभ्यासात नव्हतीच. पुढच्या दशकांत सूत्र जगभर पसरलं. कीज यांनी घातलेली मर्यादा मात्र मागेच राहिली.

आता या आकड्याची बाजू घेऊन बोलतो, कारण ती खरी आहे. २०१६ मध्ये जगभरच्या २३९ अभ्यासांमधल्या एक कोटीहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. बीएमआय २० ते २५ या पट्ट्यात मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी होतं. तिथून वर जावं तसं ते वाढत होतं, आणि खाली उतरलं तरी वाढत होतं. एवढ्या माणसांमध्ये जो संबंध पुन्हा पुन्हा दिसतो, तो नाकारून चालणार नाही.

या पट्ट्याच्या खालच्या टोकाकडे आपण सुशिक्षित शहरी माणसं क्वचितच पाहतो. १९९० च्या दशकात मुंबईत सुमारे दीड लाख प्रौढांची वजनं आणि उंची मोजून पुढे त्यांचा मागोवा घेतला गेला. तिथे अतिशय कृश माणसांमध्ये मृत्यूचा धोका फार मोठा निघाला आणि त्यात क्षयाचा वाटा ठळक होता. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या पुढाकारानं झालेल्या ‘राशन्स’ या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. क्षयरुग्णांच्या घरच्यांना पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यात नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. फुप्फुसाच्या, थुंकीतपासणीतून सिद्ध होणाऱ्या संसर्गजन्य क्षयाच्या बाबतीत घट त्याहूनही मोठी, ४८ टक्के होती. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, देशातल्या १८.७ टक्के स्त्रियांचा आणि १६.२ टक्के पुरुषांचा बीएमआय १८.५ च्या खाली होता. नंदुरबारच्या किंवा पालघरच्या पाड्यावर एखाद्या गरोदर बाईचं सुरुवातीचं वजन ३५ किलो भरतं, तेव्हा तिला एमआरआयची गरज नसते. तिथे काटा आणि पट्टी पुरेशी असते, आणि त्या दोन साधनांनी दिलेली सूचना कोणी ऐकली तर दोन जीव वाचतात. बीएमआय मोडीत काढा असं म्हणणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

मग उणीव कुठे आहे? हा आकडा वजन सांगतो, पण ते वजन कशाचं आहे हे सांगत नाही. कोल्हापूरच्या तालमीतला पावणेसहा फुटी मल्ल घ्या. उंची १७५ सेंटिमीटर, वजन ९५ किलो. बीएमआय ३१. कोष्टकात तो लठ्ठ ठरेल, पण त्याच्या अंगावर मेहनतीनं कमावलेले स्नायू आहेत. याच्या उलट एखाद्या सत्तरीच्या आजोबांकडे पाहा. वीस वर्षं त्यांचं वजन एका किलोनंही हललेलं नाही, याचं घरात कौतुक असतं. पण त्या काळात मांड्यांचे, दंडांचे स्नायू झिजत गेलेले असतात आणि त्यांची जागा चरबीनं घेतलेली असते. बीएमआय तोच, शरीर मात्र वेगळं. खुर्चीतून उठताना हाताचा आधार का लागतो, हे त्या आकड्यावरून कधी कळणार नाही.

दुसरी उणीव याहून महत्त्वाची आहे. चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे, यावर पुष्कळ काही ठरतं. १९४७ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय शहरातल्या ज्याँ वाग या डॉक्टरांनी दाखवून दिलं की मांड्या आणि नितंबांवर चरबी साठणाऱ्यांपेक्षा धडाच्या वरच्या भागात चरबी साठणाऱ्यांना मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे विकार अधिक होतात. आता त्यामागचं कारणही बऱ्यापैकी उलगडलं आहे. त्वचेखालची चरबी हे शरीराचं सुरक्षित कोठार आहे. खाण्यातून आलेली जास्तीची ऊर्जा तिथे राहते तोवर फारसं बिघडत नाही. त्या कोठाराची क्षमता संपली की चरबी आतड्यांभोवती, यकृतात, स्वादुपिंडात, स्नायूंत शिरते. पोटातल्या या चरबीतून सुटणारी मेदाम्लं थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत उतरतात. यकृत इन्सुलिनला दाद देईनासं होतं. रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड वाढतात, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, रक्तदाब चढतो. सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर’ हे शब्द आज घरोघरी वाचायला मिळतात, ते याच प्रक्रियेतून.

सुरक्षित कोठार किती मोठं, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. आणि भारतीयांच्या शरीरात ते लहान असावं, अशी खूण सांगणारं महत्त्वाचं संशोधन आपल्या पुण्यात झालं आहे. जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत ज्याचा दाखला दिला जातो, ते हे काम आपल्याच लोकांना पुरेसं ठाऊक नाही, म्हणून त्यावर मी थोडा थांबणार आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाच्या रुग्णांवर उपचार करत होते. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतला मधुमेही उतारवयाचा आणि स्थूल असे. पुण्यातले रुग्ण मात्र वयानं तरुण आणि बीएमआयनं ‘नॉर्मल’ होते. त्यांच्या अंगावर डोळ्यांत भरेल असा लठ्ठपणा नव्हता, आणि तरी साखर वाढलेली होती. हे कोडं त्यांनी सोडलं नाही. २००४ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक छायाचित्र प्रसिद्ध झालं. एका बाजूला डॉ. याज्ञिक, दुसऱ्या बाजूला त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. दोघेही कोष्टकाप्रमाणे निरोगी वजनाचे. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आकडा तोच, चरबी दुपटीहून अधिक. वरून बारीक आणि आतून चरबीदार अशा या ठेवणीला आता ‘थिन-फॅट इंडियन’ म्हणूनच ओळखतात.

ही ठेवण येते कुठून? आपण म्हणू, बैठं काम, वडापाव, शीतपेयं. त्यांचा वाटा आहेच. पण पुण्याच्या संशोधकांना मूळ त्याहून मागे सापडलं. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. या शेतात राबणाऱ्या, ठेंगण्या, कृश बायका होत्या. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची जन्मली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन इथली बाळं ३.५ किलोची होती. आपली बाळं पाऊण किलोहून हलकी, म्हणजे सर्वच बाबतींत तेवढी कमी असतील असं वाटेल. तसं नव्हतं. पोटाचा घेर आणि स्नायू खूपच कमी होते, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी बऱ्यापैकी टिकून होती. २००२ मध्ये याच गटानं नाळेतल्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भारतीय बाळांच्या रक्तात इन्सुलिनचं प्रमाण इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा अधिक होतं. ज्या ठेवणीला आपण चाळिशीतल्या चुकीच्या सवयींचं फळ समजतो, तिची बीजं जन्माच्या वेळीच दिसत होती.

याचा अर्थ फार गंभीर आहे. एकाच देशात आई कुपोषित आहे आणि तिचा मुलगा उद्याचा मधुमेही आहे. हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. गर्भात ज्याला पुरेसं मिळालं नाही, त्या शरीरानं स्नायूंच्या वाढीत काटकसर केली. पुढे तो मुलगा शहरात आला, एमआयडीसीत किंवा आयटी पार्कमध्ये खुर्चीवर बसला, दोन वेळा पोटभर जेवू लागला, आणि बारीक स्नायूंच्या त्या शरीराला आलेली साखर खपवता येईना. त्याचा बीएमआय या सगळ्या काळात २२ वरच असू शकतो.

या ज्ञानानं कोष्टकं बदलली का? थोडी बदलली. सीमारेषा या निसर्गानं आखलेल्या नसतात, हे लक्षात घ्यायला हवं. १९९८ मध्ये अमेरिकेनं अतिरिक्त वजनाची सीमा, जी पुरुषांसाठी २७.८ आणि स्त्रियांसाठी २७.३ होती, ती २५ वर आणली, आणि एका रात्रीत कोट्यवधी लोक ‘अतिरिक्त वजना’चे ठरले. त्यांच्या अंगात त्या रात्री काहीच बदललं नव्हतं. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानं जुन्या सीमा कायम ठेवल्या, पण आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे टप्पे सुचवले. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी २३ पासून अतिरिक्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानावा, असं ठरवलं. २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे १५ लाख लोकांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या. गोऱ्या लोकांना बीएमआय ३० असताना मधुमेहाचा जेवढा धोका असतो, तेवढाच धोका दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना २३.९ वरच असतो, असं त्यातून निघालं. लंडन, न्यू जर्सी किंवा दुबईत राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांनी हा आकडा मनाशी पक्का ठेवावा. तिथल्या डॉक्टरांच्या संगणकावर त्यांचं वजन हिरव्या रंगात दिसत असेल, तेव्हाही साखर तपासून घ्यावी.

सीमा खाली आणल्यानं प्रश्न पुरता सुटत नाही, कारण आंधळेपणा आकड्यात नाही, मोजण्याच्या पद्धतीत आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत प्रथमच कमरेचा घेर मोजला गेला. बीएमआय २५ किंवा अधिक असलेल्या स्त्रिया निघाल्या सुमारे २४ टक्के. पोटाची स्थूलता असलेल्या स्त्रिया निघाल्या सुमारे ४० टक्के. केवळ काटा वापरला असता तर या दोन आकड्यांमधल्या कित्येक स्त्रिया नजरेतून सुटल्या असत्या. आपल्याकडच्या पन्नाशीच्या बायकांचं चित्र आठवा. हातपाय काडीसारखे, पोट सुटलेलं, गुडघे दुखतात, आणि घरात सगळे म्हणतात, ‘हिचं वजन कुठे जास्त आहे?’ आणि हा धोका लहान नाही: आयसीएमआरच्या पुढाकारानं झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

काट्याच्या या आंधळेपणावर उपाय महागडा आहे का? मुळीच नाही. शिंप्याकडे असते ती टेप पुरते. ५२ देशांत झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्याशी बीएमआयपेक्षा कंबर आणि नितंब यांच्या घेराच्या प्रमाणाचा संबंध अधिक घट्ट असल्याचं दिसलं. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटानं भारतीयांसाठी मधुमेहाच्या धोक्याची जी गुणपत्रिका बनवली, तिच्यात चारच गोष्टी आहेत: वय, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि आईवडिलांचा मधुमेह. बीएमआय तिच्यात नाही. तिशी ओलांडलेल्यांसाठी आशाताई घरोघरी जो तपासणीचा तक्ता भरतात, त्यातही कमरेच्या घेराचा रकाना आहे. शहाणपण आपल्या सरकारी कागदावर आधीच छापलेलं आहे. ते दवाखान्याच्या टेबलावर यायचं राहिलं आहे.

जगातलं वैद्यक आता याच दिशेनं वळतं आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं २०२३ मध्ये बीएमआय एकट्यानं वापरू नये, असं धोरण स्वीकारलं. २०२५ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’च्या आयोगानं सांगितलं की लठ्ठपणाचं निदान करताना चरबी थेट मोजावी किंवा बीएमआयच्या जोडीला कमरेच्या घेरासारखं मोजमाप घ्यावं. शिवाय चरबीमुळे अवयवांचं काम बिघडलं आहे की नाही, हेही पाहावं. अवयव बिघडलेले असतील तर तो आजार. नसतील तर ती सावध राहण्याची अवस्था. ही विभागणी मला न्याय्य वाटते. कारण या आकड्याचा आणखी एक दुरुपयोग आपल्याकडे सर्रास होतो. जाड मुलीला, जाड बाईला येता-जाता बोल लावण्याचा परवाना म्हणून तो वापरला जातो. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या बाईला गुडघा न तपासता ‘आधी वजन कमी करा’ असं सांगून परत पाठवणं, हे वैद्यक नव्हे. आणि बारीक माणसाला न तपासता ‘तुम्हाला काय झालंय’ म्हणून परत पाठवणं, हेही वैद्यक नव्हे. दोन्हीकडे डॉक्टरनं माणसाऐवजी आकडा पाहिलेला असतो.

म्हणून काही विनंत्या करतो. माझ्या डॉक्टर मित्रांना विनंती, की केसपेपरवर वजन आणि उंचीशेजारी कमरेचा घेरही लिहावा. त्याला एक मिनिट लागत नाही. घरात आई किंवा वडील मधुमेही असतील, तर रुग्ण कितीही सडपातळ असला तरी त्याची साखर तपासावी. कंपन्यांनी आणि विमा कंपन्यांनी एकट्या बीएमआयवरून माणसाला पात्र-अपात्र ठरवू नये. सरकारनं मधुमेहाविरुद्धची मोहीम चाळिशीच्या पुरुषापाशी सुरू न करता किशोरवयीन मुलीच्या ताटापासून सुरू करावी, कारण तिच्या बाळाच्या शरीराची ठेवण त्या ताटावर ठरते.

आणि श्रोतेहो, आपल्याला विनंती अशी. घरी गेल्यावर टेप घ्या. सरळ उभे राहा, पोट आत ओढू नका. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर, टेप जमिनीला समांतर धरून घेर मोजा. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रियांचा ८० च्या वर असेल, तर वजन काहीही असो, डॉक्टरांकडे जाऊन उपाशीपोटी साखर, रक्तदाब आणि चरबीची तपासणी करून घ्या. एवढे आकडे लक्षात राहत नसतील तर एकच ठेवा: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. ब्रिटनमध्येही २०२२ पासून लोकांना हेच सांगितलं जातं. घेर जास्त निघाला तर घाबरू नका. पोटातली चरबी चालण्यानं आणि बेतानं खाण्यानं तुलनेनं लवकर हटते, आणि स्नायू कोणत्याही वयात व्यायामानं बळकट करता येतात. काट्यावरचा आकडा हलण्याआधीच पुष्कळदा कमरेचा घेर आणि रक्तातली साखर उतरू लागते.

बीएमआय टाकून देऊ नका. तो तपासणीची सुरुवात म्हणून घ्या, निकाल म्हणून घेऊ नका. आणि या आठवड्यात घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाची कंबर एकदा मोजा, विशेषतः ज्याला सगळे ‘बारीक’ म्हणतात त्याची.